बदली

‘नागिन’ लागला तेव्हा थेटरात खरेखुरे नाग शिरायचे, असं माझ्या आजीचं ठाम म्हणणं होतं. थेटर दर खेपेला बदलायचं. कधी लालबागचं भारतमाता, कधी दादरचं कुठलं तरी, एकदा तर सावंतवाडीच्या जत्रेतला तंबू. नाग मात्र तोच, पडद्यासमोर फणा काढून डोलणारा. डोअरकीपर म्हणे दुधाची वाटी घेऊन मागे उभा असायचा. त्यावर थोरले मामा हटकून म्हणायचे, “गो आये, ती पुंगी नायच मुळी. पेटी ती. इजेर चलणारी.” आजीला हे कधीच पटलं नाही. विजेच्या पेटीला नाग कसा भुलेल?

मामांचं बरोबर होतं. 1954 च्या त्या चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचं, पण बीन वाजवली ती कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लॅव्हियोलिन नावाच्या वाद्यावर. जोडीला रवींची हार्मोनियम. दोघेही तेव्हा साहाय्यक होते, पुढे स्वतःच्या नावाने संगीतकार झाले. क्लॅव्हियोलिन फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांचं, 1947 च्या सुमाराचं. तीन सप्तकांचा पट्ट्यांचा फळा आणि शेजारी एक खोकं. खोक्यात व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर. आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने सरकवायचा दांडा, सूर थरथरवायला एक खटका, तो नाकातून काढायला दुसरे. एका वेळी सूर मात्र एकच. दोन पट्ट्या दाबा, बोलणार एकच. पाश्चात्त्य वादकाला ही केवढी अडचण वाटली असेल, त्याला कॉर्ड लागतात. आपलं एका वेळी एका सुरावर भागतं. इंग्लंडच्या टॉर्नेडोजनी याच वाद्यावर ‘टेलस्टार’ गाजवलं ते 1962 साली. तोवर आमचा नाग आठ वर्षं डोलत होता.

मग खरी पुंगी का नाही घेतली, असं मी लहानपणी मामांना विचारलं होतं. त्यांनी गिरणी कामगाराला शोभेल असं उत्तर दिलं. पुंगीचे सूर बनवतानाच ठरतात, ऑर्केस्ट्रा ज्या पट्टीत वाजतोय त्या पट्टीत ती येईलच असं नाही. कायमचा माणूस पाळीला उपयोगाचा नाही, म्हणून बदली घेतला.

मामा स्वतः बदली होते. पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं. आत कोणाचा खाडा पडला असेल तर जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याने आत जायचं, बाकीच्यांनी डबा तसाच घेऊन घरी. आज या खात्यात, उद्या त्या खात्यात. त्यामुळे बदलीवाल्याला कधीकधी कायमच्या माणसापेक्षा जास्त साचे चालवता यायचे, पण साचा दुसऱ्याचाच. मी घरच्या घरी, कोणी मागितलेलं नसताना इलेक्ट्रॉनिक संगीत करत आले आहे. माझ्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या आणि त्या ऐकताना मामा, आजोबा, धोबीतलावचे अंकल यांच्या गोष्टी एका रांगेत उभ्या राहिल्या. आपल्याकडे विजेवर वाजणारं जवळजवळ प्रत्येक वाद्य असंच फाटकावर उभं राहून आत आलेलं आहे. कोणाच्या तरी ऐवजी.

अर्थात वीज यायच्या आधीपासून हे चालू होतं. आजोबा दशावतारात पायपेटी वाजवायचे. रात्रभर पायाने भाता मारायचा, हाताने पात्रांची पदं सांभाळायची, समोर पखवाज आणि झांज. मुंबईत गिरणीत लागल्यावर पेटी चाळीच्या भजनापुरती उरली. त्यांची एक तक्रार शेवटपर्यंत टिकली: रेडिओवर पेटी का नाही? 1940 च्या मार्चपासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, ती उठायला 1971 उजाडलं. कारणं सगळी शहाण्या माणसांची होती. पेटीचे सूर खिळ्याने ठोकल्यासारखे, त्यांत मींड नाही, श्रुती नाहीत, कोमल रिषभ भैरवात वेगळा आणि मारव्यात वेगळा हे तिला ठाऊक नाही. सगळं खरं. तरी सारंगीवाले कमी होत गेले आणि पेटी गवयाच्या डाव्या हाताला कायमची बसली. पुढे मी कॅसिओवर यमन वाजवते हे कळल्यावर गाण्याच्या बाईंनी मला जे सुनावलं, ते शब्दाशब्दाला पेटीवरच्या त्या आरोपपत्रासारखं होतं. फरक एवढाच, की बाईंच्या शेजारी साथीला पेटी होती.

मामांचं वाद्य बेंजो. अमेरिकेतल्या बॅन्जोशी त्याचा संबंध नावापुरता. हे मूळचं जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये केलेलं: तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या पत्तीने तार छेडायची. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून घरोघरी आलं आणि गिरणगावात रस्त्यावर उतरलं. पण रस्त्यावर ताशा आणि ढोलकीपुढे त्याचा चिवचिवाट कोण ऐकणार? म्हणून पिकअप बसवायचा. हा पिकअप मामा घरी करायचे. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक काढायचं, त्याला कागदाची गुंडाळी, आणि त्यावर केसाएवढी बारीक इनॅमल चढवलेली तांब्याची तार. हजारो वेढे. हातशिलाईच्या मशीनच्या चाकाला गुंडाळी चिकटवून ते मशीन फिरवायचे आणि आजी तारेचं रीळ धरायची. तार तुटली की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे त्या तासाभरात खोलीत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. तो पिकअप तारांखाली बसवून, ॲम्प्लिफायर मोटारीच्या बॅटरीवर चालवून, दोन भोंगे हातगाडीवर बांधून पार्टी निघायची. तारेचा तो चिरका, किंचित फाटका आवाज म्हणजे आमच्याकडचा गणपती. त्यात शहनाईची, क्लॅरिनेटची, लताबाईंचीसुद्धा बदली एकटा बेंजो करायचा. लग्नाच्या वरातीत मुलीकडचे रडायला लागले तर सनईसारखा, पाच मिनिटांनी कोळीगीतात नाचवायला लागला तर आणखी कसासा. भारदस्त मंडळी याला संगीत मानत नाहीत. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक संगीताची महाराष्ट्रातली खरी प्रयोगशाळा ही हातगाडीच.

दुसरी, म्हणजे रीतसर प्रयोगशाळा, अहमदाबादला होती, हे मला फार उशिरा समजलं. 1969 मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर येऊन त्याची मांडणी करून गेले आणि त्यामागे गीता साराभाईंचा पुढाकार होता. याच गीताबाईंनी 1946 मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. अहमदाबादला चार-पाच भारतीयांनी केलेल्या टेपा कित्येक वर्षं संस्थेच्या कपाटात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांच्या हाती त्या लागल्या आणि 2023 मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून निघाल्या. ऐकताना हेवा वाटतो. तिथे त्या यंत्राला कोणाची पाळी भरायची नव्हती, कोणी त्याला सनई व्हायला सांगत नव्हतं. पण एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर हे चाललेलं असताना लालबागला, ताडदेवला त्याचा वासही नव्हता.

ताडदेवची गोष्ट अंकलची. अंकल गोव्याचे, धोबीतलावच्या एका कुडात राहायचे. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली सामाईक खोली. खलाशी, आचारी आणि वादक यांचं बिऱ्हाड. अंकल चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. पुढच्या रांगेत कधीच नाही, पण फेमस स्टुडिओत असायचे, ताडदेवच्या फिल्म सेंटरला असायचे. मामा त्यांच्याकडून बेंजोसाठी गाण्यांची नोटेशनं आणायचे आणि मला वाचायला शिकायला तिथेच सोडायचे. अंकल सांगायचे ते दिवस सबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांचे होते. कागदावर पाच रेषांत सगळं लिहून यायचं, वादकांनी खोली भरायची, गायक काचेच्या खोलीत, आणि सगळं एका दमात. शेवटच्या ओळीला कोणाचा गज घसरला तर पहिल्या ओळीपासून परत. आणि मग ते आवाज खाली आणून म्हणायचे, “एक दिवस कर्सी तो बाजा घेऊन आला.”

कर्सी लॉर्ड म्हणजे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले फार हुशार पारशी वादक. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतलं मोठं नाव. कर्सी तालवाद्यं, ग्लॉकेनस्पील, अकॉर्डियन, काय म्हणाल ते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मिनीमूग आणला. अंकल त्या पहिल्या दिवसाचं वर्णन वेगवेगळं करायचे, माझ्या आजीच्या थेटरासारखंच. एका आवृत्तीत सगळे वादक चहा सोडून भोवती जमले. दुसऱ्या आवृत्तीत सगळे उठून बाहेर गेले. मला दोन्ही खऱ्या वाटतात. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघायचा, त्यामुळे व्हायोलिनच्या रांगेला त्याच्यापासून थेट भय नव्हतं. भय होतं ते पुढच्या यंत्रांचं, ज्यांच्यावर ‘स्ट्रिंग्ज’ असं लिहिलेलं बटण होतं. अंकलची त्या बटणावर टीका अशी नव्हतीच की आवाज खोटा आहे. ते म्हणायचे, “आवाज चांगला आहे, बेबी. पण त्याला जेवायला लागत नाही.”

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. 18 तारीख. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. मामांची बदलीही संपली, कारण बदली व्हायला आधी कोणीतरी आत असावं लागतं. मग बेंजो पार्टी हाच धंदा झाला. पार्टीत कॅसिओ आला, पुढे ऑक्टोपॅड आला. काड्यांनी आठ रबरी चौकोनांवर मारलं की ढोल, ताशा, काच फुटल्याचा आवाज, हवं ते. त्या ऑक्टोपॅडमुळे पार्टीतले दोन ताशेवाले सुटले. मामांनीच त्यांना सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मामी सांगते. मामा सांगतात की जेवले.

पार्टीने मोठा कीबोर्ड घेतल्यावर जुना कॅसिओ माझ्याकडे आला. मधल्या सप्तकातली काळी पाच ही पट्टी मेलेली. पांढरी पाचला सा धरला की ती नेमकी कोमल गंधारावर येते, म्हणून माझ्या सुरुवातीच्या सगळ्या चिजा भूप, यमन, हंसध्वनी अशा. रसिकतेने राग निवडले असं त्या कॅसेटी ऐकून कोणाला वाटेल. रेकॉर्डिंगची तऱ्हा त्या काळी हौशी माणसाला परवडणारी एकच होती: दोन कॅसेटप्लेअर. पहिल्यावर ताल भरायचा, तो वाजवत वर बेस वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर भरायचं, मग ती कॅसेट पहिल्यात लावून परत तसंच, वर धून घालून. प्रत्येक फेरीला टेपची खरखर वाढायची. शिवाय दोन यंत्रांचा वेग सारखा नसायचा, दर फेरीला सूर किंचित चढायचा, मग कॅसिओच्या मागचा ट्यूनिंगचा खटका फिरवून त्याला गाठायचं. या कॅसेटींवर ‘बासरी’ आहे, ‘व्हायोलिन’ आहे, ‘सतार’ आहे. आज ऐकवत नाहीत. यंत्र प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच्या जागी उभं आहे आणि ते त्याला कळतंय असं वाटतं.

एक कॅसेट मात्र वेगळी. तिच्यात तंबोरा नाही. बंगळूरूच्या राज नारायण यांनी केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा तोवर गाण्याच्या बाईंच्या घरी आलेला होता. मिरजेच्या कारागिरांनी भोपळा निवडून, वाळवून, जवारी लावून जे करायचं ते त्या डबीत होतं, आणि पेटीला नावं ठेवणाऱ्या बाईंचं या बदलीबद्दल काहीच म्हणणं नव्हतं. मला तो परवडण्यासारखा नव्हता. माझ्याकडे होता हम. चाळीतल्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, त्यामुळे कॅसिओ टेपला जोडला की खाली सतत गुंऽऽ. विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, आणि खालच्या पांढऱ्या पाचची 49. म्हणजे पांढरी पाचच्या जरा वर. तो गुंगाट काढता येईना, म्हणून मी त्यालाच सा धरला आणि कॅसिओ त्याच्याकडे चढवला. वरून धून जवळजवळ नाहीच. ताल लालबागच्या मसाला गल्लीतल्या मिरची कुटणाऱ्या डंकांचा. खिडकीतून माइक बाहेर काढून भरलेला, चार मुसळं आळीपाळीने पडणारी, कधी सात मात्रांची वाटावी, कधी आठ. पुढे 486 संगणक आणि त्यावर फास्टट्रॅकर हा संगीताचा प्रोग्राम आल्यावर मी तोच डंक तुकडे करून फिरवला, पण ती कॅसेटच खरी.

संगणकावर उतरवताना तिच्यात एक गोष्ट सापडली. तो सा स्थिर नाही. दुपारी भरलेल्या भागात वर आहे, संध्याकाळी भरलेल्या भागात खाली. आधी वाटलं टेपचा दोष, पण डंक दोन्हीकडे त्याच सुरात कुटतो. मग लक्षात आलं. त्या काळी संध्याकाळी राज्यभर दिवे लागले, मागणी वाढली की ग्रिडची वारंवारता खाली यायची, 49 च्याही खाली. 2002 नंतर विजेच्या हिशेबाची पद्धत बदलली आणि ती बरीच आटोक्यात आली. 2013 च्या शेवटी दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं आणि आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भिंतीतला हा तंबोरा एकाच सुरात वाजतो. माझ्या कॅसेटीवर मात्र तो महाराष्ट्राच्या संध्याकाळी दमून अर्ध्या श्रुतीने उतरलेला आहे. इथे यंत्र कोणाच्याच बदलीवर नव्हतं.

चरणजित सिंग यांची रेकॉर्ड मी ऐकली ती 2010 नंतर, एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणल्यावर. सिंग मुंबईचे स्टुडिओवादक. गिटार, बेस, ट्रान्सिकॉर्ड नावाचं विजेचं अकॉर्डियन. ‘दम मारो दम’मधला ट्रान्सिकॉर्ड त्यांचाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत पाळी भरलेला माणूस. त्यांनी सिंगापूरहून रोलँडची यंत्रं आणली आणि 1982 मध्ये, म्हणजे मामांच्या गिरणीला टाळं लागलं त्याच वर्षी, एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललत, भूपाळी, तोडीपासून बैरागीपर्यंत. धून ज्युपिटर-8 वर, ठेका टीआर-808 चा, बेस टीबी-303 चा. गंमत अशी की ही 303 नावाची डबी मुळात बदलीच होती. एकट्या गिटारवाल्याला घरी सरावाला बेसवादक हवा, म्हणून केलेली. बेसवादकासारखी ती मुळीच वाजायची नाही, म्हणून कोणी घेतली नाही, आणि 1984 मध्ये बंद झाली. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय तिच्यात होती, आणि रागवाल्या माणसाला त्यात मींड दिसली. शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारातून उचलून ॲसिड हाउस नावाचं संगीत काढलं ते 1987 च्या सुमारास. सिंग यांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि ती तेव्हा चालली नाही. मग जगभर लेख आले की ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा. हा मला जरा उतावीळपणा वाटतो, शिकागोवाल्यांनी ती ऐकलेलीच नव्हती. मला त्यात दिसतो तो दुसऱ्याच्या साच्यावर हात बसलेला कारागीर, ज्याला एकदा अख्खं खातं स्वतःला मिळालं.

मामांना मी त्यातला भैरव ऐकवला. ऐंशीच्या घरात आले आहेत, डोंबिवलीला असतात, बेंजो कपाटावर. पूर्ण ऐकला, बोटं मांडीवर. मग म्हणाले, “भैरवच आसा. पण ह्येचो रिषभ हलत नाय.” थोडं थांबून, “ठेको मात्र आमच्या पार्टीचो.” त्यावर मी माझी ती डंकाची कॅसेट लावली. त्यांनी बेंजो खाली काढायला लावला.

आता त्या जुन्या गुंगाटावर मामांचा बेंजो भरायचं चाललंय. पहिल्या दिवशी अर्धा वेळ तारा लावण्यात गेला, कारण त्यांचे कान पांढरी पाचला पक्के आणि खालचा सूर दुपारचा, म्हणजे किंचित वर. वैतागून म्हणाले, “ह्येका जरा खाली घे गो बाय.” संगणकावर ते एका खटक्याचं काम, पण मी सांगितलं की तो तसाच राहणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटले, आणि किल्ली घेऊन एकेक तार वर चढवायला लागले.